शेवटच्या रांगेतला ठसा

आंटींना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका अंधाऱ्या खोलीत, यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवून बसलेल्या. मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली भागातल्या एका डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये मी तपासण्या करते. डॉक्टरांच्या आधी पेशंट माझ्याकडे येतो. मी डोळ्यात थेंब घालते, आतले फोटो काढते, समोर बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायला सांगते. कडेचा एकही दिवा आंटींनी चुकवला नाही. दिवा मधोमध आला की मात्र त्यांचा अंगठा हलतच नव्हता. डाव्या डोळ्याच्या फोटोत पडद्यामागे रक्त झिरपलेलं दिसत होतं. निदान सांगणं माझं काम नाही, म्हणून मी काहीच बोलले नाही. पण अशा वेळी पेशंटला आपल्या गप्प बसण्यातूनच सगळं कळतं, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक झालं आहे.

लोक साधारण दोन गोष्टी विचारतात: गाडी चालवता येईल का, आणि टीव्ही दिसेल का. आंटींनी विचारलं, "दगडावर कोरलेलं अक्षर वाचायला मला अजून किती महिने आहेत?"

मला वाटलं त्यांचं इंग्रजी मला नीट समजलं नाही. त्यांनी तोच प्रश्न सावकाश, एकेक शब्द सुटा करून पुन्हा विचारला, वर्गातल्या मठ्ठ मुलीला विचारावा तसा. डॉक्टर सांगतील, एवढंच मी म्हणाले. त्या पंचाहत्तरीच्या, बुटक्या, कानापर्यंत केस कापलेल्या बाई. जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

तीन आठवड्यांनी त्या मला स्टेशनबाहेर बसथांब्यावर दिसल्या. पाठीला नकाशे ठेवतात तशी लांब नळी लटकवलेली, हातात प्लॅस्टिकची बादली. डोळ्यांच्या इंजेक्शनांनंतर त्यांचं ड्रायव्हिंग बंद झालं होतं. कुठे निघालात म्हणून विचारलं, तर त्यांनी मेलबर्नपासून दोन तासांवरच्या एका जुन्या खाणगावाचं नाव घेतलं. दोन ट्रेन, एक बस आणि मग पायी. मी त्यांना माझ्या गाडीने फक्त शहरातल्या मोठ्या स्टेशनपर्यंत सोडणार होते. कसं कोण जाणे, त्या शनिवारी मी पुढेच गेले. क्लिनिकमध्ये नंतर विचारून घेतलं, सुट्टीच्या दिवशी तू काय करतेस ते तुझं तू बघ, असं मॅनेजर म्हणाली.

वाटेत मला त्यांची सगळी हकीकत समजली. दक्षिण चीनमधल्या ज्या चार-पाच तालुक्यांतून सोनं शोधायला माणसं इकडे आली, त्यातल्याच एका गावच्या त्या. तिथे शाळेत शिकवत. चाळीसेक वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर मेलबर्नला आल्या. नवरा हॉटेलात स्वयंपाकी होता. एका रविवारी तो त्यांना जुन्या खाणी दाखवायला घेऊन गेला, आणि गावाबाहेरच्या दफनभूमीत, गोऱ्यांच्या कबरी संपल्यावर उताराला, गवतात पडलेल्या एका दगडावर आंटींनी एका खेड्याचं नाव वाचलं. त्यांच्या माहेरच्या नदीच्या पलीकडच्या काठावरचं खेडं. लहानपणी त्या तिथल्या बाजाराला जात. हा माणूस तिथून इतक्या लांब येऊन शंभराहून जास्त वर्षं इथे पडून आहे, आणि हे वाचू शकणारं आजूबाजूला कुणी नाही, याची त्या दिवशी आपल्याला भीती वाटली, असं त्या म्हणाल्या. वाईट वाटलं असं नाही म्हणाल्या. भीतीच म्हणाल्या.

तेव्हापासून त्यांनी हेच काम धरलं. रविवारी चिनी शाळेत मुलांना ब्रशने अक्षरं काढायला शिकवायच्या आणि मिळेल त्या दिवशी दगडांचे ठसे घ्यायच्या. मलमलीसारखा मऊ कागद दगडावर ठेवायचा, वर पाणी फवारायचं, ब्रशने हलके ठोकत कागद अक्षरांच्या खाचांत बसवायचा. मग तो जवळजवळ वाळेपर्यंत थांबायचं. ओला असताना शाई लावली तर पसरते, पूर्ण वाळला तर दगडावरून सुटतो. नेमक्या वेळी रेशमी कापडाची शाईत बुडवलेली पुरचुंडी त्यावर टेकवत जायची. दगड काळा उठतो, अक्षरं पांढरी राहतात. त्यात उजवीकडे तालुका आणि खेडं, मध्ये नाव, डावीकडे मेल्याचा दिवस. हे सगळं त्या एका जाड वहीत उतरवत, मग त्या खेड्याला पत्र टाकत, आणि इथे कुणी वंशज सापडला तर त्यालाही.

एकदा एक मेंढ्यांची लोकर कापणारा माणूस आम्ही तिथे असताना आला. निळे डोळे, उन्हाने लाल झालेली मान, चिनी काहीच नाही, फक्त आजीने सांगितलेलं अर्धवट आडनाव. आंटींनी त्याला कबरीपाशी नेलं, त्याचं बोट धरून दगडावरून फिरवलं आणि खेड्याचं नाव त्याच्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं. चौथ्या वेळी बरोबर आलं. तो टोपी काढून बराच वेळ उभा राहिला, मग पिकअपमधून मधाची बाटली काढून आंटींना दिली आणि निघून गेला.

मी का जात राहिले, हे नवऱ्याने अनेकदा विचारलं. मी वसईची, ख्रिस्ती. आमच्याकडे नोव्हेंबरात मेलेल्यांच्या दिवशी सगळं गाव दफनभूमीत जातं, कबरी धुतं, झेंडू आणि मेणबत्त्या ठेवतं. जागा कमी म्हणून काही वर्षांनी कबर उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. बाबांची हाडं काढली तेव्हा मी इथे होते, तिकीट काढून गेले नाही. हे आंटींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, या माणसांनाही आपली हाडं कधीतरी गावी पाठवतील असं वाटलं होतं. ज्यांची पाठवायची राहिली, तेच इथे आहेत. ते ऐकल्यावर मला घरी बसवेना. एवढंच कारण असेल.

पण त्या जागेची मला पहिल्या दिवसापासून भीती वाटायची. कबरींची नाही, कबरींत मी लहानाची मोठी झाले. भीती त्या मागच्या झाडीची. चिनी कबरी सगळ्यात मागे, उताराच्या तळाला, आणि त्यांना लागून युकॅलिप्टसचं जंगल. झाडांच्या साली लांबच लांब सोलून लोंबत असायच्या, वारा आला की खोडावर घासायच्या, आणि मला मागे कुणीतरी चालतंय असं वाटायचं. गुडघ्याएवढं वाळलेलं गवत. त्यात साप असतात हे मला माहीत होतं, म्हणून मी पाय आपटत चालायची. तळाला फोनला रेंज नसायची. गाडी वर फाटकापाशी, आम्ही खाली. पडलं-धडपडलं तर हाक कुणाला ऐकू जाणार, हा विचार दर खेपेला डोक्यात असायचा. आंटींना तसलं काही वाटायचं नाही. त्या दगडावर चढलेलं दगडफूल, आपण मसाल्यात घालतो तसलंच, बांबूच्या काडीने हळूहळू खरवडत बसायच्या.

त्यांची भीती वेगळी होती. दर हिवाळ्यात वाळूच्या दगडाचे पापुद्रे निघत, एखादं अक्षर कमी होई. आणि दर तपासणीत त्यांच्या डोळ्यातला मधला डाग मोठा होई. पहिला कोण संपतो ते बघायचं, असं त्या गाडीत म्हणायच्या. समोर पाहायचं असेल तर त्या मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्याने पाहायच्या. माझ्याशी बोलताना त्या नेहमी माझ्या कानामागे बघताहेत असं वाटायचं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, इथे तो डिसेंबर-जानेवारीत असतो, झाडीच्या अगदी कडेची शेवटची रांग तेवढी राहिली होती. सात दगड. तिथली जमीन खचलेली, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं पुढे ढकललेली. जानेवारीत उजव्या डोळ्यातही रक्त आलं. मीच फोटो काढला. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला, या शनिवारी जायचं.

हवामान मी आदल्या दिवशी पाहिलं होतं, पण ते मेलबर्नचं. रविवारी टोटल फायर बॅन होता, म्हणजे आगीच्या धोक्यामुळे उघड्यावर काहीही पेटवायला बंदी; शनिवार बरा होता. त्या गावाचा अंदाज मी वेगळा पाहिला नाही, आणि सकाळी पुन्हा पाहिलाच नाही. ही माझी चूक. नवरा म्हणाला होता, आज नको, पुढच्या आठवड्यात जा. त्यावर मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

आम्ही नऊच्या सुमाराला पोचलो. ऊन होतं, पण सोसवेल असं. सहा दगड दुपारी एकपर्यंत झाले. आता ठोकणं, शाई लावणं मी करत होते, आंटी नुसत्या बोटांनी कागद चाचपून सांगत, थांब, अजून ओला आहे, आता लाव. ठसे मी नळीत गुंडाळून ठेवत होते. हे सहा त्यांनी डोळे बरे असताना वाचून ठेवले होते. सातवा दगड सगळ्यात मोठा, तिरका झालेला, त्यावर काय लिहिलंय ते त्यांनी अजून वाचलं नव्हतं. नुसत्या डोळ्यांनी आता वाचता यायचं नाही, घरी ठशावर भिंग धरून वाचू, असं त्यांचं ठरलेलं. मी कागद लावला, पाणी फवारलं, ठोकून बसवला. उत्तरेचा वारा, इथे तोच गरम असतो, वाढला होता. कागदाचे कोपरे उडत होते, ते आंटींनी दोन्ही हातांनी दाबून धरले.

त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की पक्षी ओरडायचे थांबलेत. मग उजेड बदलला. पांढऱ्या कागदावर पिवळट, चहाच्या डागासारखा रंग आला. मी वर पाहिलं, सूर्य तांब्याच्या रंगाचा झाला होता. झाडांच्या शेंड्यांमागे ढग नव्हता, धूर होता, आणि तो आमच्या बाजूला वाकला होता.

"आंटी, आग आहे. चला."

"पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "आत्ता शाई लाव. आत्ताच वेळ आहे."

मी शाई लावली. हे मी केलं, हे मला अजून खरं वाटत नाही. उजवीकडची ओळ झाली, मधल्या ओळीचं वरचं अक्षर झालं. घाईत शाई कागदाबाहेर दगडावर उडाली. मग काहीतरी काळं, पानासारखं, तरंगत येऊन कागदावर पडलं. जळालेलं पान. ते अजून गरम होतं. मी पुरचुंडी टाकली आणि आंटींचा दंड धरला. त्या उठेनात. त्यांनी दोन्ही तळवे कागदावर दाबून धरले होते आणि अजून चार मिनिटं, तीन मिनिटं, असं म्हणत होत्या. मी ओरडले, कुठल्या भाषेत ते आठवत नाही, आणि जोराने ओढलं. त्यांचे हात सुटले, पण एका हाताच्या मुठीत कागद होता. तो फाटल्याचा आवाज एवढ्या वाऱ्यातही मला ऐकू आला. उरलेला अर्धा दगडाला चिकटून राहिला, दुसऱ्या क्षणी वाऱ्याने उचलून गवतात नेला. मी त्याच्यामागे गेले नाही.

चढ आम्ही कसा चढलो कुणास ठाऊक. त्यांना समोरची वाट दिसत नव्हती, मी मागून ढकलत होते. नळी माझ्या खांद्याला, फाटका कागद त्यांच्या मुठीत. गाडीत बसलो तेव्हा हेडलाइट लावावे लागले, दुपारी पावणेदोनला. फाटकाबाहेर रेंज आली आणि फोनवर एकामागून एक सूचना वाजू लागल्या. सगळ्यात वरची म्हणत होती, आता बाहेर पडायला उशीर झाला आहे.

मेलबर्नच्या रस्त्यावर दोन किलोमीटर गेलो असू. आगीचे स्वयंसेवक ट्रक आडवा लावून उभे होते. पिवळ्या जॅकेटातली एक बाई खिडकीशी आली, पुढे झाडं रस्त्यावर पडलीत, मागे फिरा आणि गावातल्या ओव्हलवर जा, म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. मी गाडी वळवली.

ओव्हल म्हणजे गावचं फुटबॉलचं मैदान. मधोमध तीसेक गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. कुत्री होती, एका ट्रेलरमध्ये दोन घोडे लाथा मारत होते. आम्हालाही रांगेत उभं केलं, काचा बंद, हवेचे झरोके बंद, कुणीतरी एक लोकरीचं ब्लँकेट आणि पाण्याच्या बाटल्या दिल्या. आग गावावर आली तर पायाशी खाली बसा आणि ब्लँकेट ओढून घ्या, एवढं सांगितलं. मग बाहेर सगळं आधी नारिंगी, नंतर तपकिरी, नंतर काळं झालं. समोरच्या गाडीचा मागचा दिवा तेवढा दिसत होता. आवाज मात्र होता. रेल्वेचा पूल ओलांडताना येतो तसा, पण न थांबणारा.

मी नवऱ्याला मेसेज लिहिला. जातच नव्हता. मुलगी दुपारी पोहायला जाणार होती, तिला कोण आणेल, हा विचार मी पुन्हापुन्हा करत होते, जणू तोच प्रश्न होता. मग माळ म्हणायला लागले, आईने शिकवलेली, मराठीत. दर दहाव्या मण्यापाशी मोजणं चुकत होतं. घशात राख उतरत होती. आंटींचा हात थंड पडला होता. त्यासुद्धा काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं, त्याही प्रार्थना म्हणताहेत.

"काय म्हणताय?" मी विचारलं.

"रांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्या दगडापासून. गाव, नाव. गाव, नाव."

सगळे दगड त्यांना पाठ होते. त्या म्हणत राहिल्या, मी ऐकत राहिले, तो चिनी आवाज आणि बाहेरचा तो आवाज. एक रांग संपली की त्या श्वास घ्यायच्या, आणि तेवढ्या वेळात मला किंचाळावंसं वाटायचं. शेवटच्या रांगेत त्या सहाव्या दगडापर्यंत आल्या आणि थांबल्या. सातवा त्यांना माहीत नव्हता.

चार वाजता वारा फिरला. नैर्ऋत्येकडून गार झोत आला, गाडी हलली. सगळ्यांना वाटलं आता सुटलो, पण ती पिवळ्या जॅकेटातली बाई प्रत्येक काचेवर ठोकून सांगत गेली, अजून कुणी बाहेर येऊ नका, आता ती वळेल. आग वळली. गावाच्या उत्तरेची टेकडी आणि त्यापलीकडचं जंगल तिने खाल्लं, गावात दोन शेड जळल्या, माणूस कुणी गेलं नाही. सातच्या सुमाराला माझा मेसेज गेला. नवऱ्याचं उत्तर एका शब्दाचं होतं, आणि ते वाचून मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. रस्ता दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला.

तीन दिवसांनी आंटींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही तो कागद उलगडला. उजवीकडची ओळ पूर्ण होती. मधल्या ओळीचं वरचं अक्षर होतं, त्याखाली फाटलेली कड, आणि मग काहीच नाही. भिंगातूनही त्यांना दिसेना. तेव्हा त्यांनी तळहात पुढे केला. मला अर्थ कळत नव्हता, मी नुसती रेघेमागून रेघ त्यांच्या तळहातावर बोटाने काढत गेले. तालुका, खेडं, आणि चिनी नावात आधी येणारं आडनाव. प्रत्येक अक्षराला त्यांनी मान हलवली. मग मी हात मागे घेतला.

"पुढे?"

"पुढे नाही. मी फाडला," मी म्हणाले.

त्यांनी फाटलेली कड बोटाने चाचपली. मग म्हणाल्या, "धुराचा वास मला आधीच आला होता. सहावा दगड चालू होता तेव्हा. मी तुला सांगितलं नाही."

मला आधी अर्थच लागला नाही. सहावा दगड म्हणजे अर्धा तास. अर्धा तास आधी निघालो असतो तर रस्ता मोकळा मिळाला असता. मी ओव्हलवर नसते, काळ्या आकाशाखाली माझ्या मुलीला कोण आणेल याचा विचार करत बसले नसते. आंटींनी माफी मागितली नाही. त्या म्हणाल्या, मला वाटलं, तुला सांगितलं तर तू मला घेऊन जाशील, आणि मग तो दगड मला पुन्हा कधीच दिसणार नाही. मी पर्स उचलली आणि घरी आले. रात्री झोप लागेना. कुठे बार्बेक्यूचा वास आला तरी मी उठून सगळ्या खिडक्या तपासायची. हे आठवडेच्या आठवडे चाललं. आंटींचे दोन फोन आले, मी घेतले नाहीत. क्लिनिकमध्ये त्या इंजेक्शनला आल्या त्या दिवशी मी दुसरीला त्यांची तपासणी करायला सांगितलं.

मार्चमध्ये त्यांचं पत्र आलं, म्हणजे शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेली एक चिठ्ठी. दफनभूमीचा रस्ता उघडला आहे, मला जायचं आहे, तू येणार नसशील तर मी ट्रेनने जाईन. मला माहीत होतं की त्या खरंच जातील, आणि जळक्या झाडांखाली एकट्या चाचपडत फिरतील. जळालेल्या झाडांच्या फांद्या महिनोन्‌महिने अचानक पडतात. मी गेले. रागातच गेले.

उतार काळा होता. गवत नव्हतं, त्यामुळे दगड सगळेच्या सगळे दिसत होते, आधी कधी दिसले नव्हते इतके. वरच्या रांगा काळवंडलेल्या पण शाबूत. झाडीच्या कडेची रांग मात्र उष्णतेने तडकली होती. सातव्या दगडाचा दर्शनी पापुद्रा पूर्ण सुटून खाली कपच्या होऊन पडला होता. मी गुडघ्यांवर बसून एकेक कपची उलटून पाहिली. कशावरही रेघ नव्हती. आंटी शेजारी बसून कपच्या हातात घेत, बोट फिरवत आणि परत ठेवत होत्या. वर एक फांदी करकरली आणि मी त्यांना खसकन बाजूला ओढलं. फांदी पडली नाही. आम्ही दोघी तशाच एकमेकींना धरून उभ्या राहिलो, मग मी म्हणाले, पुन्हा कधी काही वास आला, काही ऐकू आलं, तर आधी मला सांगायचं. हो, त्या म्हणाल्या.

गावच्या ऑफिसात दफनाचं जुनं रजिस्टर आहे. आम्ही ते काढून पाहिलं. तिथल्या गोऱ्या कारकुनाने प्रत्येक चिनी माणसाच्या नावाआधी तेच एक 'आह' अक्षर लावून पुढे कानाला आलं तसं लिहून टाकलं होतं. त्यातून काही कळलं नाही. आंटींनी वहीत सातव्या दगडापुढे खेडं आणि आडनाव लिहवून घेतलं, नावाच्या जागी एक रिकामा चौकोन ठेवला, आणि त्या खेड्याला पत्र टाकलं.

उत्तर यायला फार महिने लागले. तिथल्या एका निवृत्त मास्तरांनी कुळाची पोथी पाहून कळवलं होतं की त्या आडनावाची तीन माणसं त्या काळात सोन्याच्या देशाला गेली आणि परत आली नाहीत. तिघांचीही नावं त्यांनी पाठवली होती. यातला इथे पुरलेला कोण, ते सांगता येत नाही. आंटींनी मला ब्रश दिला. आता त्यांना कडेचंही धुरकट दिसतं. मी त्या चौकोनात तिन्ही नावं बारीक, वाकडीतिकडी काढली. रविवारच्या शाळेतल्या पहिलीच्या पोरांचं अक्षर बरं, असं त्या म्हणाल्या.

यंदा एप्रिलमध्ये, त्यांचा कबरी साफ करायचा सण असतो तेव्हा, आम्ही तिथे गेलो. खोडांवरून कोवळी निळसर पालवी फुटली होती, पण खाली पानांचा खच पुन्हा साठायला लागला होता, पायाखाली कुरकुरत होता. आंटींनी फुटक्या दगडापुढे संत्री आणि उदबत्त्या ठेवल्या. उदबत्त्या न पेटवता ठेवल्या, ते त्यांनी स्वतःच ठरवलं. मग तिन्ही नावं मोठ्याने म्हटली, आणि प्रत्येकामागून खेड्याचं नाव. मी त्यांच्या मागे उभी होते. मला ती नावं ऐकायची होती, पण माझं लक्ष सारखं शेंड्यांकडे जात होतं.

"आकाश कसं आहे?" त्यांनी विचारलं.

निळं आहे, मी सांगितलं. वारा दक्षिणेचा, धूर नाही.

त्या पुन्हा दगडाकडे वळल्या. थोड्या वेळाने त्यांनी परत विचारलं, आणि मी परत वर पाहून सांगितलं.